वाद्य आपले कसे होते?

आजकाल कोणत्याही शहरात, आणि आता भंडारा-तुमसरसारख्या गावांतही, पाठीवर गिटारीची पिशवी अडकवून शिकवणीला जाणारी मुले दिसतात. त्यांच्यापैकी एखाद्याला सहज विचारून पाहावे, की बाबा रे, दुकानात याच आकाराच्या, याच किमतीच्या, कदाचित याच कारखान्यातून निघालेल्या दहा गिटारी टांगलेल्या असताना तुला हीच का हवी? तो म्हणेल, हिचा आवाज गोड आहे. किंवा म्हणेल, हिची दांडी हातात बसते. किंवा, ही आमच्या दादाने दिली. तिन्ही उत्तरे खरी असतात, आणि तिन्ही एकत्र केली तरी प्रश्न सुटत नाही. वस्तू शेकडो असतात, त्यांतली एकच आपली कशी होते? हा प्रश्न गिटारीपुरता नाही. तो फार जुना आहे, आणि त्याचे एक अत्यंत विचार करण्याजोगे उत्तर आपल्या या झाडीच्या मुलखात शतकानुशतके सांगितले जात आले आहे. त्याच्याकडे आपले लक्ष फारसे गेलेले नाही, म्हणून तेथूनच सुरुवात करू.

गोंड लोकांचे भाट, पुजारी आणि वंशावळ सांगणारे ते परधान. रसेल आणि रायबहादुर हिरालाल यांनी १९१६ साली मध्यप्रांतातील जाती-जमातींवर चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात १९११ च्या शिरगणतीप्रमाणे मध्यप्रांत-वऱ्हाडातील परधानांची संख्या सुमारे १,२०,००० दिली आहे. परधानाची खूण म्हणजे त्याच्या हातातली किंगरी. किंगरी हे नाव मराठीला नवे नाही. भिक्षा मागत हिंडणाऱ्या जोग्यांच्या हातातल्या वाद्यालाही तेच नाव होते. नाव एक, वाद्ये अनेक, असा हा प्रकार आहे. परधानांचे वाद्य गजाने वाजवायचे. लाकडाचे कोरलेले अंग, त्यावर मढवलेले कातडे, घोड्याच्या शेपटीच्या केसांच्या तीन तारा. नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातील मंडला-दिंडोरीकडचे परधान त्याला बाना म्हणतात, आदिलाबादकडे त्याला किकरी म्हणतात.

आता या वाद्याच्या जन्माची कथा ऐकावी. ती रसेल-हिरालाल यांनी नोंदवून ठेवली आहे. सात गोंड भाऊ बुढादेवाची पूजा करीत होते, पण देव काही प्रकट होईना. शेवटी सर्वांत धाकट्याने एक काठी आणि एक तार घेऊन वाद्य तयार केले आणि वाजवले. ते ऐकून देव प्रसन्न झाला आणि पूजा घ्यायला खाली आला. परधान हे त्या धाकट्याचे वंशज. म्हणून किंगरी त्यांच्या हाती.

या कथेतली एक गोष्ट आमच्या मनात राहून गेली आहे. त्या धाकट्या भावाचे वाद्य उत्तम होते असे कथा कोठेही म्हणत नाही. काठी आणि तार! लाकूड कोणत्या जातीचे, कारागीर कोण, याचा उच्चार नाही. उच्चार आहे तो कोणी ऐकले याचा. इतर कितीतरी पुराणकथांत देव स्वतः वाद्य घडवतात किंवा माणसाला बहाल करतात. सरस्वतीची वीणा किंवा कृष्णाची मुरली ही मुळातच दैवी असतात. येथे उलट आहे. वाद्य माणसाचे, तेही ओबडधोबड. देवाने फक्त ऐकले. आणि ऐकल्यामुळे त्या वाद्याचा दर्जा असा काही बदलला, की बाना हे बडादेवाचे ठाणे आहे अशी परधानांची श्रद्धा झाली. साजाच्या झाडाखाली, म्हणजे ज्याला आपण ऐन म्हणतो त्या झाडाखाली, बाना वाजवून बडादेवाला आवाहन करायचे ही त्यांची रीत.

दुसरी कथा आपल्या अधिक जवळची आहे. सालेकसा तालुक्यातील कचारगडची गुहा पूर्वी भंडारा जिल्ह्यात होती; १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून ती तिकडे गेली. माघ पौर्णिमेला तेथे दूरदूरचे गोंड बांधव जमतात. त्यांच्या कथेप्रमाणे गोंडांचे पूर्वज, लहान मुले असताना, या गुहेत कोंडले गेले आणि तोंडावर प्रचंड शिळा बसली. हिरासुका पाटालीर नावाच्या वादकाने बाहेरून सूर धरला. त्या सुरांनी मुलांच्या अंगात असे बळ आले, की त्यांनी शिळा आतून लोटून दिली. आणि त्या शिळेखाली तो वादकच सापडला. कथेचे तपशील सांगणाऱ्यागणिक थोडे बदलतात, पण गाभा हाच. येथेही वाद्याची थोरवी ऐकणाऱ्यांत काय घडले त्यावरून ठरते.

एवढ्यावर कोणी म्हणेल, ही श्रद्धेची गोष्ट झाली. लाकडात, तारेत, कारागिराच्या हातात काहीच नसते काय? शंका अगदी रास्त आहे. भंडाऱ्याच्या माणसाने तर ती काढलीच पाहिजे. येथे पितळेची-काशाची भांडी पिढ्यान्पिढ्या घडली. भांडे घेताना नुसते डोळ्यांनी पाहून न थांबता त्यावर टिचकी मारून नाद ऐकण्याची आपली सवय आहे. एकाच साच्याच्या दोन तांब्यांचा नाद सारखा नसतो, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. तेव्हा पदार्थाचा धर्म पाहण्यासाठी आपण येथून मिरजेला जाऊ; कारण महाराष्ट्रात या विषयाचे तेवढे दुसरे ठिकाण नाही.

मिरजेत तंबोरे आणि सतारी करणारी घराणी मुळात शिकलगारांची, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांची. तलवारींचे दिवस सरले, हातांना काम उरले नाही, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास फरीदसाहेब शिकलगारांसारख्या कारागिरांनी तंतुवाद्यांकडे मोर्चा वळवला. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय त्यांना होता. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने. हे कडू भोपळे खाण्याच्या कामाचे नसतात. ते वेलावरच पुरते पिकू द्यायचे, मग उन्हात वाळवायचे. कोणताही भोपळा दुसऱ्यासारखा नसतो. कोणाची पाठ जाड, कोणाची पातळ, एकाचे पोट उजवीकडे झुकलेले. दांडी तुणीच्या लाकडाची. कारागीर भोपळा पाहून दांडी ठरवतो. साचा धरून दोन तंबोरे काढणे त्याला शक्यही नसते आणि त्याची तशी इच्छाही नसते. या वाद्यांना २०२४ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला, हे पुष्कळांनी वर्तमानपत्रांत वाचले असेल.

परंतु तंबोऱ्याचा आत्मा भोपळ्यात नाही, घोडीत आहे. तार ज्या रुंद पट्टीवरून जाते ती घोडी सपाट दिसते, पण तिला किंचित बाक असतो. तार छेडली की ती या बाकावर अलगद घासत थरथरते, आणि त्यामुळे मूळ सुराबरोबर वरचे सूर एकामागून एक उमलू लागतात. तारेखाली सुताचा एक बारीक दोरा सरकवतात. त्याला गवई जीव म्हणतात. तो केसभर पुढे-मागे झाला की नाद मिटतो किंवा फुलतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांना या घोडीने इतके मोहात पाडले की १९२१ साली त्यांनी तंबोरा आणि वीणा यांच्यावर निबंध लिहिला. तार जेथे छेडावी तेथे ज्या स्वराचा स्थिर बिंदू येतो, तो स्वर उमटू नये असा युरोपातील शास्त्रज्ञांचा नियम होता. आपल्या या घोडीवर तो स्वर खुशाल उमटतो, हे त्यांनी दाखवून दिले. शिकलगारांनी कानसेने जे साधले होते, त्याची कारणमीमांसा व्हायला सुमारे पाऊणशे वर्षे जावी लागली.

आणि ही जवारी कायमची नसते. तारांच्या घासण्याने घोडीवर चरे पडतात, नाद फुटका होतो, आणि कानसेने घासून जवारी पुन्हा काढावी लागते. ती किती खुली ठेवायची, किती बंद, हे गवयाच्या गळ्यावर आणि आवडीवर असते. किराणा घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेस राहिले. १९३७ साली त्यांचे निधन झाले. त्यांची कबर मिरजेसच आहे. ते वाद्यांची दुरुस्ती आणि जवारी स्वतःच्या हाताने करीत. आपल्या सुराला जे हवे ते दुसऱ्याला सांगून होत नाही, म्हणून कानस स्वतःच हातात घेणारा हा गवई होता. म्हणजे तंबोरा दुकानातून घरी येतो तेव्हा तो पुरा झालेला नसतोच. उरलेले काम गाणाऱ्याचा कान वर्षानुवर्षे करीत राहतो. भोपळा फुटला तर नवा बसवतात, खुंट्या बदलतात, घोडी झिजून नवी येते, तारा तर नेहमीच्याच. तरी घरातली माणसे त्याला आजोबांचाच तंबोरा म्हणतात, आणि ते काही खोटे बोलत नसतात.

येथवर असे वाटेल, की कारागीर आणि वादक यांच्यात हिशेब पुरा झाला. पण अलीकडे एक मोठी गमतीची परीक्षा झाली, तिने या हिशेबाला धक्का दिला. व्हायोलिनच्या जगात इटलीच्या स्ट्राडिव्हारीचे नाव कसे घेतात हे सर्वश्रुत आहे. तो १७३७ साली वारला. त्याची वाद्ये आज कोट्यवधी रुपयांना जातात. क्लोदिया फ्रिट्झ या संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०१० साली अमेरिकेत इंडियानापोलिस येथे २१ कसलेल्या वादकांपुढे सहा व्हायोलिने ठेवली. तीन जुनी नामांकित, तीन नवी. वादकांच्या डोळ्यांवर लोहारकामाचे काळे चष्मे, खोलीत अंधूक उजेड, आणि जुन्या लाकडाचा वास येऊ नये म्हणून हनुवटीच्या टेकूला अत्तर! वाजवून झाल्यावर विचारले, यांतले कोणते घरी न्याल? तर २१ पैकी १३ जणांनी नवे पसंत केले. आणि सर्वांत कमी पसंतीचे जे ठरले ते एक स्ट्राडिव्हारी होते. आपल्या आवडीचे वाद्य जुने की नवे, हेही बहुतेकांना सांगता आले नाही. पुढे २०१२ साली पॅरिसजवळ दहा नामवंत वादकांवर अधिक मोठी परीक्षा झाली. तिचाही कल तोच.

यावरून काही मंडळी टाळ्या पिटतात, की पाहा, वाद्याचे वेगळेपण वगैरे सारा भ्रम आहे. आम्हाला हे मान्य नाही. परीक्षेने एवढेच सिद्ध केले, की प्रसिद्ध नाव आणि आवाजाचा गुण या एक गोष्टी नव्हेत. त्या वादकांना परकी वाद्ये थोडा वेळ दिली होती. ज्या व्हायोलिनबरोबर एखाद्याने वीस वर्षे काढली, त्याच्याविषयी ही परीक्षा मौन आहे. आणि वेगळेपण तर त्या वीस वर्षांतच असते. कोणत्या सुरावर लाकूड गुरगुरते, कोणत्या तारेवर गज हलका ठेवावा लागतो, पावसाळ्यात खुंटी कशी फुगते, हे सारे हाताला पाठ होते. डोक्याला ते ठाऊकही नसते. किंगरीला तर पडदे नाहीत. बोट कोठे पडले म्हणजे सूर लागतो हे त्या एका लाकडावरच ठरते, आणि ते लाकूड हाताने कोरलेले असल्याने दुसऱ्याच्या किंगरीवर ती जागा थोडी सरकते. गिटारीच्या पडद्यांनी ही अडचण पुष्कळ कमी केली; तरी तिथेही दांडीची जाडी आणि तारांची उंची हाताला केसभर फरकाने ओळखू येते. शिकवणीच्या मुलाचे 'हातात बसते' हे उत्तर म्हणूनच त्याच्या तीन उत्तरांत सर्वांत पक्के.

तरीही हात म्हणजे सर्वस्व नव्हे. अमेरिकेतील प्रसिद्ध निग्रो गायक-वादक बी. बी. किंग यांची हकीकत पाहा. १९४९ च्या हिवाळ्यात आर्कान्सामधील ट्विस्ट या गावी ते एका नाचघरात वाजवीत होते. ऊब यावी म्हणून मध्ये रॉकेलची शेगडी पेटवलेली. दोन पुरुषांची मारामारी जुंपली, शेगडी उलटली, आग लागली. सर्वांबरोबर किंगही बाहेर पळाले, आणि मग गिटार आत राहिली म्हणून पुन्हा त्या आगीत शिरले. गिटार वाचली, ते स्वतः थोडक्यात बचावले. दुसऱ्या दिवशी कळले, की भांडण ल्युसिल नावाच्या बाईवरून होते. असला वेडेपणा पुन्हा करू नये याची आठवण म्हणून त्यांनी गिटारीचे नाव ल्युसिल ठेवले. मौज अशी, की ती गिटार काही जन्मभर टिकली नाही. त्यांच्या हाती पुढे कित्येक गिटारी आल्या आणि प्रत्येकीचे नाव ल्युसिल. १९८० पासून तर एका कंपनीने त्या नावाचा नमुनाच विकायला काढला. २०१५ साली किंग वारले तोवर ल्युसिल जगभर माहीत झाली होती. म्हणजे लाकूड बदलले, आकार बदलला, हाताला नव्याने ओळख करून घ्यावी लागली असणार. तरी ल्युसिल एकच. ती एक राहिली कशी? कारण तिची गोष्ट ते श्रोत्यांना सांगत राहिले आणि श्रोत्यांनी ती मान्य केली. समोरची माणसे 'ही ल्युसिल' असे म्हणत होती तोवर ती ल्युसिल होती.

आता परधानांकडे परत जाऊ. कारण तेथे ही समोरची माणसे नुसती श्रोती नव्हती. परधानाचे यजमान म्हणजे विशिष्ट गोंड घराणी, पिढीजात ठरलेली. पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातून व्हेरियर एल्विनबरोबर १९३२ साली मैकलच्या डोंगरांत जाऊन राहिलेले आपले शामराव हिवाळे यांनी १९४६ साली परधानांवर एक सबंध ग्रंथ लिहिला. त्यात या नात्याचे चित्र आहे. साधारण तिसऱ्या वर्षी परधान आपल्या यजमानांच्या गावी जायचा, बाना वाजवून बडादेवाला जागवायचा, घराण्याच्या पूर्वजांची आणि गोंड राजांची गाणी म्हणायचा, आणि धान्य, वस्त्र, गुरे असे जे मिळेल ते दान घेऊन परतायचा. यजमानाच्या घरी मरण झाले तर तेथेही त्याचा हक्क. तेव्हा ती तीन तारांची वस्तू ही एका परीने जमिनीच्या सनदेसारखी होती. ती हातात असली की कोणत्या दारी आपला हक्क आहे हे न बोलता सिद्ध व्हायचे. आणि यजमानालाही तिची तेवढीच गरज होती. आपल्या कुळाची नावे कोणी तरी सुरात म्हटल्याशिवाय त्याचे कूळ पुरे होत नसे.

नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी लिंगोचे लांबलचक गोंडी गाणे एका परधानाच्या तोंडून उतरवून घेतले. हिस्लॉप १८६३ साली बुडून मृत्यू पावले; रिचर्ड टेंपल यांनी त्यांची कागदपत्रे १८६६ मध्ये छापली, म्हणून ते गाणे वाचले. या कामाचे मोल मोठे आहे. परंतु कागदावर शब्द आले; गजाच्या एका ओढीत कोठे थांबायचे, कोणत्या यजमानापुढे कोणता भाग लांबवायचा, हे आले नाही. आणि त्या गाणाऱ्या परधानाचे नाव आज कोणाच्या तोंडी नाही.

या नात्याला दुसरीही बाजू होती, ती झाकून ठेवणे बरे नव्हे. परधानाचा मान होता तसाच कमीपणाही होता. गोंड त्याला आपल्याहून धाकटा मानीत, त्याच्या हातचे खाण्यापिण्यात भेद करीत. आणि बाहेरचे जग तर त्याला सरळ मागता म्हणे. शिक्षण आले, नोकऱ्या आल्या, विदर्भातील परधान कुटुंबांतून शिक्षक, कारकून, अधिकारी निघाले. त्यांपैकी अनेकांनी किंगरी खाली ठेवली असेल तर आम्ही त्यांना दोष देणार नाही. तीन तारांची सनद हाती घेऊन दारोदार जाण्यापेक्षा पगाराची नोकरी बरी, हा विचार शहरातल्या कोणाही गृहस्थाने केला असता. कला जगावी म्हणून दुसऱ्याच्या मुलाने मागत हिंडावे, असे आपण व्याख्यानाच्या मांडवात बसून म्हणणे शोभत नाही. पण वादकाने वाद्य ठेवले एवढेच घडलेले नाही. यजमानाचे दारही बदलले आहे. शेते वाटली गेली, तरुण कामासाठी शहराकडे गेले, दान देण्याजोगे धान्य कणगीत उरले नाही, आणि लग्नाच्या मांडवात ध्वनिक्षेपक आला. वाजवणारा निघून गेल्यावर ऐकणारा गेला, की ऐकणारा आधी उठला, याचा क्रम लावणे कठीण आहे. आमचा कौल दुसऱ्या बाजूला आहे.

एक धागा मात्र तुटला नाही. त्याने वेगळी वाट धरली. दिंडोरीकडचे पाटनगढ हे गाव, जेथे एल्विन आणि हिवाळे काही वर्षे राहिले, तेथल्या परधान घरात जनगढ सिंह श्याम जन्मला. १९८१ साली चित्रकार जे. स्वामीनाथन यांच्या नजरेला त्याचे भिंतीवरचे काम पडले आणि ते त्याला भोपाळला घेऊन आले. १९८९ मध्ये त्याची चित्रे पॅरिसच्या प्रदर्शनात लागली. २००१ साली जपानमधील एका संग्रहालयात काम करीत असताना त्याचा अकाली अंत झाला. त्याच्यामागून त्याच्या गावच्या आणि नात्यातल्या कितीतरी जणांनी कुंचला हाती घेतला. पूर्वज बान्यावर जे म्हणत ते आम्ही रंगात मांडतो, असे यांतले अनेक जण सांगतात. त्यांच्या चित्रांत साजाचे झाड येते, त्याखाली बसलेला वादक येतो, त्याच्या मांडीवर बाना असतो. तारा तीनच काढलेल्या असतात, मोजून घ्याव्यात. झाडात बडादेव असतो. समोर ऐकायला बसलेले यजमान मात्र चित्राच्या चौकटीत बहुधा नसतात; ती जागा चित्र विकत घेणाऱ्याची आहे, आणि त्याच्या कुळाची नावे त्या वादकाला ठाऊक नाहीत.